मी भरलेली काडतुसं

ह्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की महिनाभर खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत आणि धुरात जायचं नाही. ह्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला विचारलं, "मग काडतुसं कोण भरणार?"

"महिनाभर नाही भरली तर काय बिघडलं?"

"पाऊस संपलाय. आता हवा कोरडी होईल. वर्षातले हेच तर दिवस मिळतात."

ते खरं होतं. श्रीवर्धनला आमच्या घरापासून समुद्र इतका जवळ आहे की पावसाळ्यात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं. तिथे दारूचं काय सांगायचं. ही दारू म्हणजे बंदुकीची, काळी. घरात हा शब्द इतका रुळलेला होता की बाहेरच्या माणसाच्या कानाला तो कसा लागतो हे माझ्या लक्षातच राहायचं नाही. एकदा दूधवाली दारात उभी असताना मी आतून ओरडून विचारलं होतं, "अहो, दारू उन्हात ठेवली होती, आत घेतलीत का?" त्यानंतर ती बाई बरेच दिवस माझ्याकडे फार सहानुभूतीने बघायची.

रायफल ह्यांच्या वडिलांची. ते संस्थानच्या काळात जंगलखात्यात होते. एका वेळी एकच काडतूस घालायचं, बार काढायचा, खालची लीव्हर ओढून रिकामी पुंगळी बाहेर काढायची आणि मग दुसरं घालायचं, अशी ती जुनी चाल. तिला लागणारी काडतुसं आता बाजारात कुठेच मिळत नाहीत. म्हणून उडालेली पितळी पुंगळी जपून आणायची, धुवायची, तिच्यात नवी टोपी, म्हणजे बुडाशी बसणारी, ठोका बसला की ठिणगी देणारी इवलीशी वाटी, मग दारू, पुठ्ठ्याची चकती आणि वर घरीच ओतलेली शिशाची गोळी बसवायची. परवान्यावर तशी नोंद आहे. ह्यांनी आयुष्यात कावळासुद्धा मारलेला नाही. तरुणपणी स्पर्धांना जायचे, नंतर ओव्हरसीअरची नोकरी, बदल्या, मुलीचं शिक्षण. निवृत्त होऊन वाडीत राहायला आलो तेव्हा रायफल पुन्हा पेटीतून बाहेर निघाली.

इतक्या वर्षांत माझा तिच्याशी संबंध दोनच कामांपुरता. पुंगळ्या आमसुलाच्या पाण्यात घालून देवाच्या उपकरणांसारख्या घासून द्यायच्या, आणि हे चिरेखाणीत बार काढून आले की बंदुकीची नळी धुवायला कढत पाणी द्यायचं. त्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. ते मी मोरीत न ओतता लांब नेऊन टाकायला लावायची.

तर त्या महिन्यात काडतुसं मी भरली.

माजघरातलं टेबल खिडकीजवळ ओढलं. वर जुनी चादर. देवापुढची उदबत्ती विझवली, गॅस बंद केला, मोबाइल ओसरीवर ठेवले. हे काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसले आणि तिथून सूचना देऊ लागले. मी बालवाडीची बाई. जन्मभर लहान मुलांना सूचना देत आले, पण इतक्या अर्धवट सूचना मी कोणाला दिल्या नसतील.

"मोजलेली दारू नळीतून पुंगळीत सोड. सावकाश."

"सावकाश म्हणजे किती?"

"रांगोळी सोडतेस तशी."

"रांगोळी चिमटीतून सोडतात. ही नळी आहे."

"अगं, अंदाजाने. आता चकती दाब. फार नको. पण आत पोकळी राहता कामा नये."

"फार नको म्हणजे कसं कळणार?"

"हाताला कळतं."

माझ्या हाताला काहीही कळत नव्हतं. मी घाबरलेली होते. त्यामुळे प्रत्येक पुंगळीत दारू पडली की ती खिडकीच्या उजेडात धरून आत डोकवायची, मग चकती ठेवायच्या आधी पुन्हा डोकवायची. बालवाडीतली मुलं समुद्रावर नेली की परत निघताना मी डोकी मोजायची, वाटेत मोजायची आणि शाळेच्या दारातही मोजायची. तीच सवय. हे म्हणाले, "इतकं काय बघतेस? दारू घातलीस तर ती असणारच ना आत." मी म्हटलं, "असणारच, पण बघते."

दोन दुपारी गेल्या. भरलेली काडतुसं लाल झाकणाच्या डब्यात उभी केली आणि मी ती गोष्ट विसरून गेले.

डोळा बरा झाल्यावर हे पहिल्यांदा खाणीत गेले तेव्हा मी सोबत गेले, डॉक्टरांनी एकट्याने कुठे सोडू नका म्हटलं होतं म्हणून. बोर्लीच्या रस्त्याला आमच्या जमिनीत जांभ्या दगडाची एक जुनी चिरेखाण आहे. चिरे काढून काढून तिन्ही बाजूंनी सरळ भिंती उभ्या राहिल्यात, चौथीकडून वाट. कोणी येत-जात नाही. तरी निघताना हे पोलीस पाटलांना फोन करतात. पाटील दर वेळी एवढंच विचारतात, "आज बार हायेत व्हय? बरं बरं, गुराख्यांना सांगतो." जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर वाटी ठेवून काढलेलं वर्तुळ, ते फळीवर खिळवून खाणीच्या पार त्या टोकाला उभं करायचं.

पहिला बार झाला आणि मला धुराशिवाय काही दिसेना. काळ्या दारूचा धूर पांढराशुभ्र असतो, चुलीतल्या ओल्या लाकडासारखा, आणि वारा नसला तर खाणीतून हलतच नाही. हे थांबायचे, धूर सरायचा, मग पुढचं काडतूस. पाच झाल्यावर आम्ही फळीपाशी गेलो. कागदावरची पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली जात होती.

मी म्हटलं, "बरं आहे ना?"

 चष्मा कपाळावर चढवून हे भोकांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काय केलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"नाही. काहीतरी वेगळं केलंयस."

मला वाटलं काहीतरी चुकलं. मी विचारलं, "वाईट आहे का हे?" ते म्हणाले, "वाईट कसलं. मला असं कितीतरी दिवसांत जमलेलं नाही."

पुढच्या खेपेला ह्यांनी स्वतः भरलेली नेली. भोकं कागदभर विखुरली, एक तर फळीच्या कडेला लागलं. म्हणून मग माझी नेली. पुन्हा तळहाताखाली. मग ह्यांची. पुन्हा कागदभर.

आमच्या घरात जे सुरू झालं ते आता आठवलं की मला हसू येतं, पण तेव्हा आम्ही दोघंही गंभीर होतो. ह्यांनी मला समोर बसवून भरायला लावलं आणि माझ्या हातांकडे बघत बसले. कोणी बघत असलं की माझ्या हातून साधी पोळीसुद्धा वेडीवाकडी होते. त्यांनी विचारलं, "चकती दाबताना तू श्वास रोखतेस का?" मला माहीत नव्हतं. मी श्वास रोखते का हे बघायला गेले तर श्वास कसा घ्यायचा तेच सुचेना. "अंगठ्याने दाबतेस की तळव्याने?" कधी अंगठ्याने, कधी तळव्याने. "दुपारी भरतेस म्हणून असेल, हवा कोरडी असते." मग ह्यांनी दुपारी भरून पाहिली. फरक नाही. "गोळीला लावायच्या मेणात एरंडेल जास्त घातलंस का?" मेण तर ह्यांनीच वितळवून ठेवलेलं होतं. तेच मेण, तीच दारू, त्याच साच्यातल्या गोळ्या, तोच वजनकाटा.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसली. "आई, तुझ्या हाताला गुण आहे." मीही हसले, पण फोन ठेवल्यावर मी माझे हात बघितले. साठी उलटलेल्या बाईचे हात. डाव्या अंगठ्याच्या पेरावर विळीने कापल्याची खूण. ह्यांत कसला गुण? तरी खोटं का बोलू, मला बरं वाटलं होतं. ज्या गोष्टीतलं मला ओ की ठो कळत नाही, ती मला ह्यांच्यापेक्षा चांगली येत होती. का येत होती ते कळत नव्हतं, आणि हळूहळू मला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

ह्यांचे एक मित्र म्हसळ्याला राहतात. आयुष्यभर बोटीवर इंजिनीअर होते, आता घरी असतात. त्यांना स्वतःला नेमबाजीची हौस नाही, पण हे खाणीत जायचे असले की ते दुर्बीण घेऊन स्कूटरवर येतात, सावलीत बसतात आणि कुठे लागलं ते सांगतात. त्या सकाळी ते आले ते बायकोने दिलेली सांदणं घेऊन. मी चहा टाकला. हे आत कपडे बदलत होते. मित्रांनी टेबलावरचे दोन्ही डबे बघितले, लाल झाकणाचा माझा, हिरव्या झाकणाचा ह्यांचा.

"वहिनी, खरंच इतका फरक पडतो?"

"पडतो खरा. का ते विचारू नका."

"अजब आहे," ते म्हणाले. "इंजिनात असं होत नाही. तेल तेच, पंप तोच, तर माणूस बदलला म्हणून काय होणार?" मी दूध बघायला आत गेले.

खाणीत त्या दिवशी वारा होता, धूर पटकन सरत होता. मित्रांनी डबे आपल्याजवळ ठेवून घेतले. म्हणाले, "भाई, तुम्ही नेमाकडे लक्ष द्या, काडतूस मी देतो." आधी हिरव्या डब्यातली. मित्र दुर्बिणीतून बघत होते आणि एक एक सांगत होते. वर. उजवीकडे खाली. बाहेर. ह्यांचे खांदे पाठमोरे दिसत होते, आखडलेले. मग कागद बदलला. लाल डबा. हे बसले तेव्हाच खांदे सैल पडलेले मला दिसले. आत. आत. आत, जरा डावीकडे. आत.

दोन्ही कागद फळीवरून काढून मित्रांनी गवतावर शेजारी शेजारी पसरले आणि वर दगड ठेवले. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ. आता तूच सांग."

मित्र म्हणाले, "भाई, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"हिरव्या डब्यात वहिनींची होती. लाल डब्यात तुमची. सकाळी चहाच्या वेळी मी अदलाबदल केली."

मला आधी नीट समजलंच नाही. मी दोनदा विचारलं, "म्हणजे ही माझी?" आणि त्या विखुरलेल्या भोकांच्या कागदावर बोट ठेवलं. मित्रांनी मान हलवली. त्यांना वाटलं होतं आम्ही हसू. ते स्वतः हसायच्या बेतात होते. पण ना ह्यांना हसू आलं, ना मला. माझी काडतुसं कागदभर पसरली होती. इतक्या दिवसांत मनातल्या मनात जे काय गोळा केलं होतं ते कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं, आणि इतक्या क्षुल्लक गोष्टीचं आपल्याला वाईट वाटावं ह्याचीही लाज वाटली.

हे खाली वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचू लागले. सगळ्या खिशात घातल्या. मग म्हणाले, "चला. ऊन झालं."

मित्र मला हळूच म्हणाले, "माझं चुकलं का, वहिनी?" मी म्हटलं, "मला नाही माहीत." ते खरंच होतं.

संध्याकाळी वाडीला पाणी सोडलं होतं, हे फावडं घेऊन पोफळींची आळी बघत होते. मी चहा घेऊन गेले. ह्यांनी कप हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात, निवडणुकीसाठी रायफल ठाण्यात जमा करायच्या आधी, मी एकटा खाणीत गेलो होतो. आठवतं?"

मला आठवत होतं. ते लवकर परत आले होते. चष्मा घरीच राहिला म्हणाले. मग मागच्या पडवीतून बराच वेळ लाकडावर ठोकल्याचा आवाज येत होता. मी चहा नेला तर म्हणाले, तिथेच ठेव.

"त्या दिवशी एक बार झालाच नाही," हे म्हणाले. "नुसतं फट् वाजलं. मुलं दगडावर टिकली फोडतात ना, तेवढंच. मला वाटलं टोपी दमट असेल. पुंगळी काढली, टाकली, दुसरं काडतूस घातलं. चाप ओढणार, तेवढ्यात खाली पडलेल्या पुंगळीकडे लक्ष गेलं. तिच्यात गोळी नव्हती."

"मग कुठे गेली?"

"नळीत. पडवीत ठोकून काढली ती तीच. मी दारू घालायलाच विसरलो होतो. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी पुढे सरकली आणि नळीत अडकून बसली. त्यावर मागून दुसरा बार काढला असता तर नळी फुटली असती. गाल तर तिच्या मागेच टेकलेला असतो."

पाणी एका आळ्यातून ओसंडून वाटेवर आलं होतं. ते आम्हाला दोघांनाही दिसत होतं, पण कोणी हललं नाही. घाबरायचं म्हटलं तर ती गोष्ट होऊन कित्येक महिने झाले होते. रागवायचं म्हटलं तर माणूस धडधाकट समोर उभा होता.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर पुन्हा जाऊ दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"म्हणून."

मग ते म्हणाले, "डोळा अधू होता, त्यामुळे झालं असेल असं मी मनाला सांगितलं. डोळा बरा झाला. पण माझं काडतूस घातलं की मनात येतं, ह्यात आहे ना? आणि ते आलं की चाप ओढताना डोळा मिटतो. मिटतोय हे मला कळतं. थांबवता येत नाही."

"आणि माझं घातलं की?"

"तुझं असलं की तो विचारच येत नाही."

"पण आज ती तुमची होती."

"ते मला कुठे माहीत होतं?"

मी कप घेऊन घरात आले आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. ज्या काडतुसांची ह्यांना इतकी भीती, तीच ह्यांनी त्या सकाळी शांतपणे गाल टेकवून उडवली होती, कारण ती मी भरलीत असं त्यांना वाटत होतं. आणि मी तर काही न कळता भरलेली. मी आत डोकवायची ती मला समजत होतं म्हणून नव्हे, समजत नव्हतं म्हणून. ह्या माणसाचा विश्वास नेमका कशावर बसला होता? बरं, मित्रांना त्या उन्हाळ्यातली गोष्ट माहीत असती तर त्यांनी ती गंमत केलीच नसती. ते बिचारे दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं, आणि ते ओसरीवर बराच वेळ डोकं धरून बसले.

त्यानंतर हे मला म्हणाले, "ह्यापुढे तूच भरत जा."

"आता तर कळलं ना, दोघांची सारखीच आहेत?"

"कळलं. तरी तूच भर."

मी भरायला बसले आणि तेव्हा एक नवीनच झालं. आधी मी डोकवायची, आहे म्हणायची आणि पुढे जायची. आता डोकवून झालं, चकती बसवली, वर गोळी बसवली की वाटायचं, मी बघितलं ना? की मागच्यातलं बघितलेलं आठवतंय? पुंगळ्या सगळ्या सारख्या. एक उचलून कानाशी हलवून बघितली, पण दाबून भरलेली दारू वाजत नाही. काट्यावर ठेवून बघितली, तर पुंगळीपुंगळीच्या आणि गोळीगोळीच्या वजनात इतका फरक की त्यातून काही सिद्ध होईना. शेवटी मी भरलेली काडतुसं एक एक करून उघडायला लागले. पकडीने गोळी उपटायची, चकती काढायची, आत काळं दिसलं की सुटकेचा श्वास टाकायचा आणि मग लक्षात यायचं की हे काडतूस आता पुन्हा भरावं लागणार. प्रत्येकात दारू होती. एकातही चुकलं नव्हतं. तरी पुढचं उघडल्याशिवाय राहवेना.

हे दारात येऊन उभे होते ते मला कळलंही नाही.

"काय करतेस?"

"बघतेय."

"सगळी उघडलीस?"

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. टेबलावर उपटलेल्या गोळ्यांचा ढीग होता. त्यांनी एक उचलली, बोटांत फिरवली. म्हणाले, "म्हणजे माझ्याकडून तुझ्याकडे आलं."

मुलीचं मत स्पष्ट होतं. हे सगळं बंद करा, रायफल ठाण्यात कायमची जमा करा, ह्या वयात कशाला नसता जिवाला घोर. मी तिला हो म्हटलं. ह्यांनाही तसं सांगायचं ठरवलं. दोन दिवस वाक्य तयार करून हिंडत होते. मग जेवताना ह्यांनीच विचारलं, "बंद करू म्हणतेस?" आणि माझ्या तोंडून निघालं, "तसं नाही." तसं नाही म्हणजे कसं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं. माजघरातल्या त्या दुपारी मला आवडायला लागल्या होत्या, एवढं मात्र होतं.

तोडगा काढला तो म्हसळ्याच्या मित्रांनी. म्हणाले, "बोटीवर एकट्याच्या भरवशावर आम्ही कुठलंच महत्त्वाचं काम ठेवत नाही. एकाने करायचं, दुसऱ्याने बघायचं आणि मोठ्याने बोलायचं. मनातल्या मनात नाही."

तेव्हापासून आमचं तसं चाललंय. सगळ्या पुंगळ्या लाकडी फळीच्या खळग्यांत ओळीने उभ्या करायच्या. दारू मी सोडते. मग हे बॅटरी घेऊन एकेकीत डोकवतात आणि म्हणतात, "आहे." मी डोकवते आणि म्हणते, "आहे." दोघांचं झाल्याशिवाय चकती नाही. बोलणं मध्येच थांबलं, कोणी हाक मारली, तर ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा. परवा नारळ पाडायला माणूस आला होता, तो खिडकीतून बराच वेळ बघत होता. आम्ही दोघं वाकून पितळेच्या नळकांड्यांत बघतोय आणि आळीपाळीने आहे, आहे म्हणतोय. त्याने शेवटी विचारलं, "मोठे बाय, काय हाय आत?" मी म्हटलं, "काही नाही." मग हे म्हणाले, "अगं, काही नाही काय म्हणतेस?" आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

भोकं आता पूर्वीसारखी तळहाताखाली मावत नाहीत, आणि कागदभर पसरतही नाहीत. ताटलीएवढ्या जागेत येतात. हे म्हणतात, ठीक आहे. डोळा अजून कधी कधी मिटतो, पण मिटला की ते आता सांगतात, "मिटला." मित्र दुर्बिणीतून म्हणतात, "दिसलं." मी सावलीत बसून ऐकते. दर बाराआधी मी अजून आवाजाची वाट बघते. आवाज झाला की बरं वाटतं. इतक्या मोठ्या आवाजाने कोणाला बरं वाटत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद भरायला हे बसले होते. भरता भरता मान वर करून म्हणाले, "तुझं नाव घालू का परवान्यात?"

"कशाला? मी थोडीच चालवणार आहे."

"असू दे. नाहीतर मी नसताना तुला ती घरात ठेवता यायची नाही."

"तुम्ही नसताना मी तिचं काय करणार आहे?"

"ते मला काय माहीत," हे म्हणाले.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती जागा कोरी ठेवून ह्यांनी बाकीचं भरलं आणि कागद कपाटात ठेवले. जिल्ह्याच्या गावाला सोमवारी जायचंय. आज शनिवार. सकाळी मी पुंगळ्या आमसुलाच्या पाण्यातून काढून ओसरीवर उन्हात मांडल्यात, आणि मघापासून दोनदा कपाटापाशी जाऊन परत आलेय.